बसलेल्या पाट्यांना पुन्हा कमान
जुन्या जीपचे पाटे थोडक्या खर्चात दुरुस्त होतात. मात्र कोणते दुरुस्त करावेत आणि कोणते टाकून द्यावेत, हे कळायला हवे

वाशिम (प्रतिनिधी) : समृद्धी महामार्ग जिल्ह्यातील कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून जातो. त्यावरून उतरून शेताकडे निघालेल्या गाडीला मात्र अखेर पांदण रस्ताच गाठावा लागतो. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर बांधलेल्या रस्त्याला वर्षभरात लाटा उठतात. या लाटांचा पहिला मार खातात ते गाडीचे पाटे. एखादी जुनी जीप एका अंगाला झुकून चाललेली दिसली, की चहाच्या टपरीवरचा माणूसही सांगतो, 'हिचे पाटे बसले.'

अशा जीपगाड्या या भागात अजून बऱ्याच आहेत. महिंद्रने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी विलीज जीप भारतात जोडण्यास सुरुवात केली. पुढे त्याच घराण्यातून एमएम ५४०, मेजर, कमांडर अशी वाहने आली. या गाड्यांच्या पुढच्या-मागच्या दोन्ही बाजूंना पाटेच असत. २००० मध्ये आलेल्या बोलेरोत ते फक्त मागे उरले. विदर्भात 'काळी-पिवळी' म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रवासी जीपगाड्यांनी याच पाट्यांच्या बळावर गावे तालुक्याशी जोडली. आज अशी गाडी ठेवणे स्वस्त राहिलेले नाही. खासगी गाडीच्या नोंदणीचे १५ वर्षांनंतर नूतनीकरण करावे लागते, आणि ऑगस्ट २०२५ मधील नियमदुरुस्तीने २० वर्षांवरील हलक्या मोटारींसाठी त्याचे शुल्क १० हजार रुपये झाले. त्यामुळे पाट्यांचा पूर्ण नवा संच घेण्याऐवजी आहेत तेच पाटे सुधारता येतील का, हा प्रश्न मालकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. बहुतेक वेळा उत्तर 'येतील' असेच असते. पण सरसकट नाही.

पाटा नुसता वजन झेलत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवे. अलीकडच्या गाड्यांत गुंडाळीच्या स्प्रिंगा वजन पेलतात आणि अॅक्सल जागेवर धरण्यासाठी वेगळे दांडे असतात. जीपमध्ये ही दोन्ही कामे एकटा पाट्यांचा जुडगा करतो. सर्वांत लांब असलेला मुख्य पाटा दोन्ही टोकांच्या डोळ्यांतून चासीला बांधलेला असतो. मधोमध यू-बोल्ट त्या जुडग्याला अॅक्सलशी आवळून धरतात. पाटे एकमेकांवर जागच्या जागी ठेवणारा सेंटर बोल्ट तुटला, की अॅक्सल मागेपुढे सरकू शकतो. मुख्य पाटा डोळ्याजवळ तुटला, तर गाडी धावता धावता एका बाजूला ओढते. म्हणून पाट्यांच्या दुरुस्तीतली हयगय केवळ कंबरदुखीपुरती राहत नाही.

पाटे बसण्याची कारणे दोन. पहिले म्हणजे क्षमतेबाहेरचा भार. सोयाबीनची पोती आणि त्यावर बसलेली माणसे अशी वाहतूक वर्षानुवर्षे केली, की पोलाद हळूहळू आपली वाकण हरवते. दुसरे कारण गंज, आणि याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. गंजाने जाडी १० टक्के कमी झाली, तर ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. वरून धडधाकट दिसणारा पाटा आतून एवढा दुबळा झालेला असू शकतो.

त्यात एक गंमत अशी, की 'पाटे बसले' म्हणून गॅरेजमध्ये आणलेल्या गाडीत खरा दोष कधी कधी बुशचा निघतो. डोळ्यातला बुश झिजला, शॅकलची पिन सैल झाली, तर गाडी ठोके देते आणि किंचित झुकतेही. बुश आणि पिना हा तुलनेने किरकोळ खर्च आहे. तो न करता पाटे उतरवणे म्हणजे नसता उद्योग. गाडी सपाट जागी रिकामी उभी करावी, चाकांतली हवा सारखी करावी आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही ठिकाणी मोजून लिहून ठेवावी. अॅक्सल आणि चासीवरचा रबरी ठोकळा यांतले अंतरही पाहावे. रिकाम्या गाडीतच ते बोटभर उरले असेल, तर पाटे खरोखर बसले आहेत.

पुढचे काम घाईने करण्यासारखे नाही. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. चासीखाली भक्कम घोडे लावावेत आणि जमिनीवरच्या चाकांना ओट लावावी. उतरवण्यापूर्वी प्रत्येक जुडग्यावर डावा-उजवा, पुढचा-मागचा अशी खूण करावी. चालक आणि डिझेलची टाकी यांचा भार एका अंगाला पडत असल्याने काही जीपगाड्यांत दोन बाजूंचे जुडगे मुळातच वेगळे असतात. सेंटर बोल्ट सोडण्यापूर्वी जुडगा वाइसमध्ये किंवा शिकंज्यात आवळून धरला नाही, तर दबलेले पाटे उसळून हात जायबंदी करू शकतात.

सुटे झालेले पाटे तारेच्या ब्रशने घासून घ्यावेत. मग बिनखर्चाची एक जुनी परीक्षा करावी. पाट्याला रॉकेल किंवा डिझेल चोळून थोडा वेळ ठेवावे, कोरडे पुसावे आणि खडूची पूड फासावी. तडा असेल तर आत मुरलेले तेल बाहेर झिरपते आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. सेंटर बोल्टचे भोक, डोळ्याचे वळण आणि जिथे खालच्या पाट्याचे टोक घासते ती जागा, या तीन ठिकाणी विशेष पाहावे. तडा गेलेला पाटा वेल्डिंग करून पुन्हा लावू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने आसपासच्या पोलादाचे पाणी जाते आणि तो शेजारीच पुन्हा तुटतो.

तडा नसलेल्या, पण सपाट झालेल्या पाट्याला थंड अवस्थेत कमान देता येते. ट्रकचे पाटे करणारे कारागीर हेच करतात. आधी चांगल्या पाट्याची किंवा ठरवलेल्या कमानीची रेघ फरशीवर खडूने आखतात. पाटा पाळण्यासारखा, खोलगट बाजू वर करून दोन आधारांवर ठेवतात आणि थोड्या थोड्या अंतरावर प्रेसने दाबत किंवा बोथट घणाने ठोकत टोकापर्यंत जातात. एकाच जागी जोर दिला, तर कमानीऐवजी कोपरा होतो. खोलगट बाजूवर धारदार घाव उमटू देऊ नयेत, कारण भार आल्यावर ताण याच बाजूला पडतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. आणखी एक बारकावा असा, की लहान पाट्याची कमान त्याच्या वरच्या पाट्यापेक्षा किंचित जास्त असावी लागते. सुटे पाटे एकावर एक ठेवले असता मध्ये फट दिसली पाहिजे. जुडगा आवळला की ती मिटते आणि मुख्य पाट्यावरचा ताण हलका होतो. सगळ्यांना एकच कमान देणाऱ्याने काम केले असले, तरी ते अर्धेच. थंड वाकवलेला पाटा कारखान्यातल्या नव्या पाट्याइतका टिकत नाही आणि काही काळाने थोडा बसतोच. मालकाने हे गृहीत धरूनच हा मार्ग निवडावा.

खरा धोका आहे तो भट्टीचा. गावच्या लोहाराला पाट्याचे लोखंड फार प्रिय. भंगारातल्या पाट्यांपासून विळे, कुऱ्हाडी, वखराच्या पासा घडवल्या जातात आणि त्यांची धार नावाजली जाते. तोच लोहार पाटा लाल करून सहज वाकवूनही देईल. पण विळ्याला हवी असते कठीण धार. पाट्याला हवी लवचीकता. सिलिकॉन-मँगेनीजयुक्त स्प्रिंग पोलाद साधारण ८५० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात बुडवतात आणि नंतर सुमारे ४५० ते ५०० अंशांवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. लाल पाटा नुसता हवेत निवू दिला, तर तो मऊ पडून महिनाभरात पुन्हा सपाट होईल. पाण्यात बुडवला, तर एखाद्या खड्ड्यात काचेसारखा तुटेल. गॅसच्या ज्योतीने एकच जागा तापवणे तर त्याहून वाईट. तापमान मोजण्याची सोय नसलेल्या ठिकाणी पाटा तापवू देऊ नये.

झटपट उपायही बरेच सुचवले जातात. त्यांतला बरा म्हणजे एक जादा पाटा घालणे. तो दोन्ही बाजूंना सारखा घालावा लागतो. सारख्या जाडीच्या सहा पाट्यांत सातवा घातला, तर ताठपणा साधारण एकषष्ठांशाने वाढतो आणि रिकामी गाडी तेवढीच आदळते. जादा पाट्यामुळे नोंदणीपत्रावरची भारक्षमता वाढत नाही, हे पोती मोजताना आठवावे. लांब शॅकल किंवा अॅक्सल आणि पाटा यांमध्ये ठोकळा घालून गाडी उचलणे हा दुसरा प्रकार. त्याने उंची दिसते, पाटा मात्र तसाच थकलेला राहतो. पुढच्या अॅक्सलवर असा ठोकळा मुळीच नको. ब्रेक लागताच अॅक्सलला पीळ पडतो आणि स्टेअरिंगवर त्याचा परिणाम होतो.

बहुतेक मालकांना परवडणारा मध्यम मार्ग असा : मुख्य पाटा संशयास्पद असेल तर तो नवा घ्यावा, धडके लहान पाटे थंड कमान देऊन वापरावेत, आणि बुश, पिना, सेंटर बोल्ट व यू-बोल्ट सगळे नवे घालावेत. वाशिमहून अकोल्याला जाणारा रस्ता ट्रकच्या वर्दळीचा असल्याने सुटे भाग आणि पाट्यांचे कारागीर शोधायला फार लांब जावे लागत नाही. भंगारातला तयार जुडगा घेणार असाल, तर तीच खडूची परीक्षा दुकानातच करावी. विक्रेता नाराज झाला तरी चालेल. यू-बोल्टमध्ये मात्र काटकसर नको. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा पूर्वीसारखा आवळला जात नाही.

बसवण्यापूर्वी खालच्या टोकाने वरच्या पाट्यात पाडलेली खाच हलकेच घासून गुळगुळीत करावी, पाट्यांना गंजरोधक रंग आणि मध्ये ग्राफाइटचे ग्रीस द्यावे. तुटलेल्या क्लिपा नव्या कराव्यात; त्या नसल्या, तर चाक खड्ड्यात लोंबताना सारा ओढा एकट्या मुख्य पाट्यावर येतो. रबरी बुशच्या पिना गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटच्या आवळाव्यात; लोंबत्या अवस्थेत आवळल्या, तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. उंची वाढल्याने ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना आणि शॉकअपची लांबी पुरते ना, हेही पाहावे. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत, आणि सुरुवातीला लिहून ठेवलेल्या चार उंचींशेजारी नव्या चार लिहाव्यात.