मोटारीच्या काचेवरील चिवट डाग व त्यांची पारख

धान्याच्या आडतीत ज्याचे आयुष्य गेले त्याने मोटारीच्या काचेवर लेख लिहावा, हे पाहून कित्येक व्यापारीबंधूंस नवल वाटेल. परंतु आपल्या समाजात मोटार नाही असे घर आता विरळाच. माल पाहण्यास, वसुलीस, लग्नकार्यास आणि सोनागिरीच्या दर्शनास आपण सारे मोटारीनेच जातो. तिच्या इंजिनाची व टायरांची चौकशी सर्व करतात. काचेची चौकशी कोणी करीत नाही. एका प्रसंगाने मला जो धडा मिळाला तो बंधुभगिनींच्या उपयोगी पडावा, एवढ्याच हेतूने हे चार शब्द लिहिले आहेत.

दोन वर्षांपूर्वीच्या पौष महिन्यातील गोष्ट. सकाळी आठच्या सुमारास मी खासगी बाजारातील घरून निघून मुरारकडे चाललो होतो. नुकतेच धुके विरले होते. रस्ता पूर्वेकडे वळताच कोवळे ऊन समोरच्या काचेवर तिरपे पडले, आणि त्यासरशी सारी काच दुधासारखी पांढरी झाली. पुढचे काही दिसेना. सवयीने ब्रेक दाबला म्हणून बरे. गाडी थांबली तेव्हा पोत्यांनी भरलेली एक हातगाडी अवघ्या दीड हातावर होती. मी काच खाली करून गाडी ओढणाऱ्यावर ओरडलो, ‘‘दिसत नाही का तुला?’’ तो आमच्याच बाजारातला पल्लेदार. त्याने काही न बोलता हात जोडले व गाडी बाजूस घेतली.

घरी आल्यावर पहिला विचार आला तो वयाचा. मोतीबिंदू उतरला असावा, आता मोटार चालविणे सोडावे, अशा विचाराने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासून सांगितले की वयाच्या मानाने दृष्टी उत्तम आहे. मग मी गाडी धुणाऱ्या मुलास बोल लावला. त्याने बिचाऱ्याने दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाण्याने काच धुण्यास आरंभ केला. आश्चर्य असे की काच जितकी अधिक धुवावी तितकी ती अधिकच पांढरी होऊ लागली.

उलगडा केला तो आमच्या सूनबाईंनी. त्यांनी काचेवरून बोट फिरवून पाहिले व म्हणाल्या, ‘‘मामंजी, हे डाग पाण्याने जायचे नाहीत, हे पाण्याचेच आहेत.’’ स्वयंपाकघरातून लिंबाची फोड आणून त्यांनी काचेचा एक कोपरा चोळला, थोडा वेळ थांबून पुसला, आणि तेवढी वीतभर काच लखलखीत झाली. पाणी तापविण्याच्या भांड्यात व नळाच्या तोंडाशी जो पांढरा थर बसतो, तोच हा.

हे ऐकून मी मनाशी खजील झालो, कारण चाळीस वर्षे मी गिऱ्हाइकांस हेच सांगत आलो आहे. तुरीची डाळ शिजत नाही अशी तक्रार घेऊन कोणी आला, की मी विचारतो, ‘‘पाणी बोअरचे की तिघऱ्याचे?’’ बोअरच्या जड पाण्यातील चुना डाळीच्या दाण्यास घट्ट करतो व ती शिजता शिजत नाही. तीच डाळ सांक नदीवरील तिघरा धरणातून येणाऱ्या नळाच्या पाण्यात बहुधा मऊ होते. गिऱ्हाइकाच्या पातेल्यातील जो दोष मला दुकानात बसून कळे, तो माझ्या नाकासमोरच्या काचेवर मला कळला नाही.

आता याचे कारण पाहू. जमिनीतील पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जाते, क्षार उडत नाहीत. भारतीय मानक संस्थेने २०१२ साली पिण्याच्या पाण्याचे जे मानक ठरविले, त्यात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरे पाणी नसल्यास ६०० पर्यंत सूट आहे. व्यापाऱ्याच्या हिशेबाने सांगावयाचे तर १५ लिटरच्या बादलीत पहिल्या प्रकारे ३ ग्रॅम व दुसऱ्या प्रकारे ९ ग्रॅम क्षार भरतात. काचेवर जेवढे पाणी राहून सुकते तेवढ्याचा वाटा काचेस मिळतो, आणि रोज मिळतो.

आमच्या घरी तर याहून वाईट प्रकार चालला होता. पाणी शुद्ध करण्याच्या आर.ओ. यंत्रातून जे टाकाऊ पाणी निघते ते वाया जाऊ नये म्हणून त्याने गाडी धुवावी, असा हुकूम होता. आणि तो हुकूम माझाच होता. हे यंत्र पिण्याच्या पाण्यातील क्षार काढून या टाकाऊ पाण्यात सोडते. म्हणजे ते मूळ बोअरच्या पाण्याहूनही जड. पाणी वाचविणे हा आपला धर्मच आहे, परंतु ते पाणी फरशी पुसण्यास व संडासात वापरावे, काचेस लावू नये. दोष ना डोळ्यांत होता, ना मुलाच्या हातात. तो माझ्या काटकसरीत होता.

उपाय सोपा आहे. अर्धा लिटर साध्या पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवावे. ज्यांच्या घरी सिरका चालतो त्यांनी सिरका व पाणी समभाग घ्यावे. गाडी सावलीत व काच थंड असताना या पाण्यात भिजविलेले फडके काचेवर दहा मिनिटे चिकटवून ठेवावे, नंतर हलकेच चोळून भरपूर नळाच्या पाण्याने धुवावे व लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. जुन्या डागास दोन-तीन वेळा हेच करावे. आंबट पाणी गाडीच्या रंगावर किंवा घरच्या संगमरवरावर राहू देऊ नये, आणि ब्लीचिंग पावडरीशी तर कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. इतके करूनही जो डाग जात नाही, तो काचेवर नसून काचेत शिरलेला असतो. त्यास सिरियम ऑक्साइडची पूड लावून घासणारे कारागीर लागतात. समोरच्या काचेच्या बाबतीत तेही जपून करवावे, कारण जास्त घासल्यास काचेस लहर येऊन पलीकडचे वाकडे दिसते.

दुसरा शत्रू धूळ. आपला किल्ला ज्या डोंगरावर उभा आहे तो वालुकाश्माचा. पंधराव्या शतकात तोमर राजांच्या काळी याच दगडात तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती कोरल्या गेल्या. तोच दगड झिजून व फुटून त्याची पूड वाऱ्यावर येते. वालुकाश्माचा कण म्हणजे गारगोटीचा कण. पदार्थांच्या कठीणपणाची जी १ ते १० अशी मोजणी आहे, तीत गारगोटी ७ वर व काच साधारण साडेपाचवर येते. म्हणजे जेठातील आंधीनंतर कोरडे फडके किंवा कोरडा वायपर फिरविणे हे काचेवर सहाण फिरविण्यासारखेच आहे. प्रथम पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्यावी, मग हात लावावा. मात्र उन्हात तापलेल्या काचेवर थंड पाणी एकदम ओतू नये. ती तडकण्याचे भय असते.

तिसरा प्रकार डिंकाचा. पुष्कळांस आठवत असेल, २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोटारींच्या काचांवर काळी फिल्म लावण्यास मनाई केली, तेव्हा घरोघरी फिल्मा ओरबाडून काढल्या गेल्या आणि काचांवर डिंकाचे पापुद्रे महिनोन्‌महिने राहिले. १९८९ सालच्या नियमांप्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून निदान ७० टक्के व बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. नियमाच्या शब्दांत मागाहून दुरुस्ती झाली, तरी हे प्रमाण कायम आहे. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यावर जुन्या चकत्यांचा डिंक ही नवी तक्रार निघाली. डिंकावर पाण्याचा किंवा लिंबाचा उपाय चालत नाही. त्यास तेल पाहिजे. खोबरेल तेलात किंवा थोड्या रॉकेलात भिजविलेला कापूस पाव तास ठेवावा, नंतर जुन्या प्लॅस्टिकच्या पत्त्याने खरवडून साबणाने धुवावे. रॉकेल वापरताना आग जवळ नसावी. मागील काचेच्या आतून बारीक तारांच्या रेषा असतात. तेथे पाते लावल्यास तारा तुटतात.

चौथा प्रकार जीवांचा. आपण सकाळी पारव्यांस मूठमूठ दाणे टाकतो आणि मोटारही तेथेच उभी करतो; मग विष्ठेची तक्रार कोणाकडे करावी? ती पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून ओले फडके पंधरा मिनिटे ठेवून मऊ करूनच उचलावी. आंब्याच्या मोहराच्या दिवसांत झाडाखाली गाडीवर जे चिकट थेंब पडतात, तो मोहरावरील तुडतुड्यांचा गोड स्राव; तो कोमट पाण्याने जातो. पावसाळ्यातील रात्री मात्र काचेवर जे डाग पडतात त्यांची गोष्ट वेगळी. तो प्रत्येक डाग एक जीव होता. ओल्या फडक्याने तो निघतो हे खरे, परंतु चातुर्मासात रात्रीचा प्रवास टाळणे हाच आपल्या वडीलधाऱ्यांचा उपाय अधिक चांगला. काचेवर असे डाग पूर्वीपेक्षा कमी पडतात म्हणून संतोष मानण्याचेही कारण नाही. जर्मनीत क्रेफेल्ड येथील अभ्यासकांनी २०१७ साली प्रसिद्ध केले की तेथील राखीव क्षेत्रांत २७ वर्षांत उडत्या कीटकांचे एकूण वजन पाऊणपटीहून अधिक घटले.

पाचवा डाग आतल्या बाजूचा. उन्हाळ्यात मोटार बंद उभी असता आतील प्लॅस्टिक तापून त्यातून तेलकट वाफ निघते व काचेवर धुरकट थर धरते. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा झोत फुटून पसरतो तो यानेच. साबणाच्या पाण्याने आतून धुऊन कोरड्या स्वच्छ कापडाने पुसल्यास तो जातो.

सारांश, पोत्यात परखी घातल्याशिवाय आपण भाव बोलत नाही, तसे डाग ओळखल्याशिवाय फडके उचलू नये. क्षारास आंबट, डिंकास तेल, तेलास साबण, धुळीस पाणी आणि विष्ठेस धीर, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

काच स्वच्छ झाली त्या दिवशी मी त्याच वेळी त्याच रस्त्याने पुन्हा गेलो. ऊन तसेच समोरून येत होते, आणि रस्त्यावरचा माणूस न्‌ माणूस दिसत होता. क्षमावणीस अद्याप आठ महिने होते. तोवर थांबणे मला जमले नाही. परतताना दाल बाजारात त्या पल्लेदारास गाठले व चारचौघांत त्याची क्षमा मागितली. तो संकोचून म्हणाला, ‘‘शेठजी, मला तर तुम्ही दिसत होता.’’ त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, परंतु तेव्हापासून सकाळी गाडी काढण्यापूर्वी मी एकदा उन्हाकडे तोंड करून काच पाहून घेतो.