मोबाइल टॉवरचे शेअर घेण्यापूर्वी भाडेकरू पाहा

मोबाइल फोन घराघरांत पोहोचला आहे आणि टॉवरशिवाय फोन चालत नाही. त्यामुळे टॉवर कंपनीच्या शेअरमध्ये तोटा होणारच नाही, असा समज लहान गुंतवणूकदारांत आढळतो. स्वस्त मिळतो म्हणून असा शेअर हजारोंच्या संख्येने घेऊन ठेवणारेही आहेत. म्हणून हा धंदा चालतो कसा आणि अडचणीत येतो कसा, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

धंद्याचे स्वरूप

टॉवर कंपनी फोनची सेवा देत नाही, जागा देते. जमीन किंवा इमारतीची गच्ची भाड्याने घ्यायची, मनोरा उभारायचा, वीज, बॅटरी व जनरेटरची सोय करायची आणि अँटेना लावण्याची जागा मोबाइल कंपन्यांना कराराने भाड्याने द्यायची, हे तिचे काम. थोडक्यात, हा चाळमालकाचा धंदा आहे.

समजा, एका टॉवरचा महिन्याचा खर्च २५ हजार रुपये आहे आणि एकच भाडेकरू ३० हजार देतो. शिल्लक ५ हजार. दुसरा भाडेकरू आला व त्याने २५ हजार दिले, तर खर्च फार तर ३ हजारांनी वाढेल. शिल्लक २७ हजार होईल. सारी बरकत या दुसऱ्या भाडेकरूत आहे. मात्र तो निघून गेला तर मनोरा उचलून दुसरीकडे नेता येत नाही आणि तो उभारण्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्तेही थांबत नाहीत.

आपल्याकडे काय घडले?

नवी मुंबईच्या जीटीएल इन्फ्रास्ट्रक्चरने २०१० साली एअरसेलचे १७,५०० टॉवर सुमारे ८,४०० कोटी रुपयांना घेण्याचा करार केला. त्या वेळी मोबाइल कंपन्यांची गर्दी होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली आणि दरयुद्धात लहान कंपन्या टिकल्या नाहीत. खुद्द एअरसेल २०१८ साली दिवाळखोरीत गेली. टॉवर उभे राहिले, भाडेकरू गेले, कर्ज मात्र राहिले. पुढे हा शेअर एक रुपयाच्याही खाली उतरला.

मोठ्या कंपनीलाही हा नियम चुकला नाही. भारती इन्फ्राटेल आणि इंडस टॉवर्स यांचे विलीनीकरण नोव्हेंबर २०२० मध्ये पूर्ण झाले. एअरटेल व व्होडाफोन आयडिया हे तिचे मोठे भाडेकरू. त्यांपैकी व्होडाफोन आयडियाचे भाडे थकले. बुडीत रकमेची तरतूद करावी लागल्याने ऑक्टोबर ते डिसेंबर २०२२ या तिमाहीत इंडसला सुमारे ७०८ कोटींचा तोटा झाला. २०२४-२५ मध्ये थकबाकी वसूल होऊ लागली, तेव्हा नफा पुन्हा वाढला. दोन्ही वेळी टॉवर तेच होते. फरक फक्त भाडे येण्या-न येण्याचा होता.

अमेरिकेची अमेरिकन टॉवर ही या धंद्यातील जगातील मोठ्या कंपन्यांपैकी एक. तिनेही २०२४ साली भारतातील आपला टॉवर व्यवसाय ब्रुकफील्डच्या ट्रस्टला विकला.

शेअर घेण्यापूर्वी

कंपनीच्या वार्षिक अहवालातून चार गोष्टी तपासाव्यात :

१. एका टॉवरमागे सरासरी भाडेकरू किती? हा आकडा वाढतो आहे की घटतो आहे?

२. एकाच भाडेकरूकडून उत्पन्नाचा किती मोठा भाग येतो? त्याची स्वतःची आर्थिक स्थिती कशी आहे?

३. येणे बाकी किती आणि किती दिवसांची?

४. कर्ज किती? व्याजाचा प्रश्न महत्त्वाचा मानणाऱ्या वाचकांनी हा आकडा विशेष पाहावा. भाड्याचे उत्पन्न स्वच्छ असले, तरी या धंद्यात कर्जाचा बोजा बहुधा मोठा असतो.

मालक कोण, हेही पाहावे. २०२४ पासून इंडसची निम्म्याहून अधिक मालकी एअरटेलकडे आहे. म्हणजे मोठा भाडेकरूच घरमालक झाला आहे. त्यामुळे भाडेकरू टिकण्याची खात्री वाढते, पण भाडे ठरविताना लहान भागधारकाचे हित कोण पाहणार, हा प्रश्नही उभा राहतो.

शेअर एक रुपयाला मिळतो म्हणून तो स्वस्त ठरत नाही. आपण दुकानाचा गाळा घेताना त्यात कोण बसला आहे आणि तो भाडे वेळेवर देतो का, याची चौकशी करतोच. कष्टाची कमाई टॉवरच्या शेअरमध्ये घालतानाही तेवढीच चौकशी करावी, एवढेच आमचे सांगणे आहे.