क्लोरीन आधी कोणाला गाठतो?

नीरेकाठच्या शिरवळमधील एखादी शाळा डोळ्यांपुढे आणा. पाणी शुद्ध करण्याचे विरंजक चूर्ण, म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर, आणि संडास धुण्याचे अ‍ॅसिड पुष्कळदा एकाच कोपऱ्यात ठेवलेले असते. वर्गाशेजारचा संडास अधिक स्वच्छ व्हावा म्हणून कोणी दोन्ही एकत्र ओतले तर? अ‍ॅसिडमधील हायड्रोक्लोरिक आम्लामुळे चूर्णातून क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली बेल्जियममध्ये ईप्रच्या रणभूमीवर शत्रूवर सोडला होता तोच हा वायू! तो हवेच्या सुमारे अडीच पट जड असल्याने जमिनीलगत पसरतो. म्हणजे उभ्या गुरुजींच्या आधी तो बस्करावर बसलेल्या पहिलीच्या मुलांना गाठू शकतो. डोळे चुरचुरू लागले, ठसका लागला की मुलांना ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत, जरा उंचवट्यावर न्यावे. बादली तशीच राहू द्यावी.