समुद्र, दस्तऐवज आणि जावयाची सही

ग्वाल्हेरात दाना ओलीच्या ज्या गल्लीत ऊनदेखील मध्यान्हीपुरतेच डोकावते, त्या गल्लीत ज्येष्ठाच्या रात्री गच्चीवर पाणी शिंपडून अंथरुणे पडली की बोलणे हटकून समुद्राकडे वळते. यात विपरीत काही नाही. दौलतराव शिंद्यांच्या छावणीभोवती वाढलेल्या या लष्कर भागात देशावरून आणि कोकणातून आलेल्या कितीतरी घराण्यांना समुद्र ठाऊक आहे तो सहलीपुरता. आणि जे जवळ नाही त्याचा ध्यास लागावा हा तर मनुष्यस्वभावच. खुद्द शिंद्यांनाही मुंबईत वरळीला समुद्रमहाल असावासा वाटला होता. आज तेथे त्याच नावाची उत्तुंग इमारत उभी आहे.

आमच्या शेजारच्या वाड्यातले आबा यांना हा ध्यास निवृत्तीनंतर जडला. भाच्याने त्यांना स्पेनच्या भूमध्यकिनाऱ्यावरील घरांची छायाचित्रे दाखविली: पांढऱ्या भिंती, निळे पाणी, आणि इंग्लंड-जर्मनीतून येऊन तेथे उत्तरायुष्य घालविणारी वृद्ध जोडपी. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार भारतातील रहिवाशाला दरसाल अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येते आणि तीतून घरही घेता येते, हे आबांनी शोधून काढले. परंतु ५ लाख युरोंचे घर घेणाऱ्या परकीयास वास्तव्याचा परवाना देण्याची जी सवलत स्पेनने २०१३ साली सुरू केली होती, ती ३ एप्रिल २०२५ रोजी बंद झाली, हे मात्र त्यांना उशिरा कळले. म्हणजे घर आपले, खरेदीखत आपले, आणि व्हिसाची मुदत संपताच त्याच घरात आपण पाहुणे! आबांनी छायाचित्रे मिटली आणि त्यांचे मन गोव्याकडे वळले. शिवाय गोवा एक्स्प्रेस ग्वाल्हेरहून बसल्या जागी दीड दिवसात वास्कोला पोचविते, हा युक्तिवाद काकूंनाही पटण्यासारखा होता.

गोव्याला जाणारा गृहस्थ इबेरियाच्या कायद्यापासून सुटत नाही, ही यातील मौज. १८६७ सालची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली, आणि १९६१ साली पोर्तुगीज गेले तरी कुटुंब आणि वारसा यांविषयीचे तिचे तत्त्व राहिले. २०१२ चा गोव्याचा वारसाहक्क अधिनियम हा त्याच परंपरेचा वंशज होय. विवाहापूर्वी निराळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते, अर्धी त्याची आणि अर्धी तिची. तेव्हा घर पतीच्या एकट्याच्या नावे दिसत असले तरी पत्नीच्या सहीवाचून विक्री निर्वेध होत नाही. घरधनी वारला तर उरलेल्या अर्ध्यात मुलगे आणि मुली समान वाटेकरी. त्यांची लग्ने झाली की सुना आणि जावईदेखील त्या सामाईकपणामुळे आत येतात. एक जावई लिस्बनला, दुसरा लंडनला, एक सून कोणाशीच बोलत नाही, अशा घराच्या खरेदीखतास प्रत्येकाची सही किंवा रीतसर मुखत्यारपत्र लागते, आणि वारसांचे एकमत न झाल्यास दिवाणी न्यायालयात ‘इन्व्हेंटरी’ म्हणून ओळखले जाणारे वाटणीचे प्रकरण चालते. सहहिस्सेदाराने आपला अविभक्त हिस्सा त्रयस्थास विकावयाचा झाल्यास तो आधी इतर हिस्सेदारांना देऊ करावा लागतो, ही आणखी एक मेख.

म्हणून बार्देशातील एखाद्या जुन्या चिऱ्याच्या घराचा बालकांव, म्हणजे दर्शनी ओसरी, पाहून मन विरघळले, तरी ग्राहकाने आधी पाहावी ती वंशावळ. ‘एक व चौदा’चा उतारा, म्हणजे गोव्याचा सातबारा, हातात आला की पुष्कळांना मालकी सिद्ध झालीसे वाटते; वस्तुतः ती महसुली नोंद आहे, आणि खऱ्या स्वामित्वाचा माग काढण्यास नोंदणी दप्तरातील पोर्तुगीज भाषेतल्या जुन्या नोंदी जाणत्या वकिलाकडून वाचून घ्याव्या लागतात. परसात मुंडकार राहत असेल, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत पूर्वापार घर करून असलेले कुटुंब, तर त्याला १९७५ च्या कायद्याचे संरक्षण आहे. मालक बदलला म्हणून तो उठत नाही, आणि उठू नयेच, असे माझे स्वतःचे मत आहे. भातशेतीची जमीन तर २०२३ च्या कायद्यानंतर शेतकरी नसलेल्यास घेताच येत नाही.

समुद्राचाही कायदा आहे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरांचा पट्टा नियमनाखाली आणला आणि ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरांत नव्या घरांना मज्जाव केला. पुढे नियम बदलत गेले, पण पाण्यालगतच्या बांधकामाकडे संशयानेच पाहावे, हे बदललेले नाही. स्पेनने तत्पूर्वी तीनच वर्षे, १९८८ साली, असाच कायदा करून किनारा सार्वजनिक ठरविला, आणि ऐन किनाऱ्यावरच्या कित्येक घरमालकांची मालकी मुदतीच्या परवान्यावर येऊन ठेपली.

राहण्याचे गणित निराळेच. डिसेंबरातील आठ दिवसांवरून गोवा ओळखणे म्हणजे वरातीवरून संसार ओळखणे. आषाढात चिऱ्याची भिंत पाणी पिते, कपाटातल्या चामड्याला बुरशी चढते, खारा वारा खिडकीचे गज खातो, आणि सहा महिने कुलूप असलेले घर उघडताना आधी वास येतो, मग अंधार दिसतो. ग्वाल्हेरच्या कोरड्या उन्हाळ्यात वाढलेल्या लाकडी सामानाची तेथे काय दशा होईल, हे आबांना सांगताना मला थोडे वाईटच वाटले.

तरीही आबा परवा निघाले, डिसेंबरात नव्हे तर मुद्दाम आषाढात. सोबत छत्री होती, आणि त्यांच्या स्वतःच्या वाड्याच्या नामांतरणासाठी काढलेली, एका चुलतभावाच्या सहीवाचून अकरा वर्षे अडकलेली वंशावळ घडी घालून पिशवीत होती; तिकडच्या वकिलाला दाखवायला, म्हणाले, म्हणजे मी अगदीच नवखा नाही हे त्याच्या ध्यानात येईल.