दोन कणांमधली शिवण

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला. पुढे गावाचे पोट मागांवरच चालले, आमच्या घराचेही. अब्बांची मजुरी मीटरवर असे. सूत तुटले की माग थांबे, आणि मजुरीही.

एकदा त्यांच्या मागावर आडवे सूत सारखे तुटू लागले. सुताला दोष देऊन झाला. 'हात नीट चालत नाही' असा बोल अब्बांनाही लागला. शेवटी जॉबरने धोट्याच्या चिनीमातीच्या डोळ्यात नख फिरवले आणि म्हणाला, "डोळा उखडलाय."

दगडासारखा डोळा मऊ सुताने कसा उखडतो?

राजगिऱ्याचा लाडू आठवा. दिसतात दाणे, पण लाडू टिकतो गुळाच्या जोडावर. भट्टीत भाजलेल्या सिरॅमिक वस्तूही अशाच बारीक कणांच्या असतात. दोन कणांमधल्या शिवणीला 'कणसीमा' म्हणतात. चिनीमातीत कणांना धरणारा काचेचा भाग पुष्कळ असतो. अ‍ॅल्युमिनासारख्या शुद्ध द्रव्यात तो फार कमी. पण सिलिका किंवा चुना मिसळला असेल, तर तो शिवणीत जमून काचेसारखा पातळ थर धरतो. त्याने भाजणे सोपे होते, पण जोड कच्चा राहतो. सततच्या घर्षणाने कण सुटतात, खड्डा पडतो आणि सूत अडकते. कण मोठे असतील, तर खड्डाही मोठा.

मात्र परके द्रव्य नेहमीच घात करते असे नाही. रस्त्यावरचे पिवळे सोडियमचे दिवे आठवतात ना? त्यांतली तापलेली सोडियमची वाफ साध्या काचेला खाते. अ‍ॅल्युमिना तिच्यापुढे टिकतो, पण आतल्या सूक्ष्म छिद्रांमुळे प्रकाश नीट पार जाऊ देत नाही. भाजताना छिद्रे शिवणीवर राहिली तर मिटतात. कण घाईने वाढले तर ती कणांच्या पोटात अडकतात. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधील रॉबर्ट कोबल यांनी अ‍ॅल्युमिनात थोडा मॅग्नेशिया मिसळला, शंभर किलोत जेमतेम पाव किलो. कणांची वाढ आवरली, छिद्रे मिटली, प्रकाश आरपार गेला. १९६२ साली त्याचे पेटंट मिळाले.

माझ्या पहिल्या कविता मी अशाच एका पिवळ्या दिव्याखाली लिहिल्या. आता रस्तोरस्ती एलईडी आले आहेत. पण धोट्याचे माग अजून ज्यांच्याकडे आहेत, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते: सूत तुटले, तर विणणाऱ्याला बोल लावण्याआधी डोळ्यात एकदा नख फिरवून पाहा.