बाळाचा पहिला आरसा

तान्ह्या बाळाला आरशासमोर धरलं तर ते हसतं, हात पुढे करतं. पण समोर दिसणारं बाळ म्हणजे आपणच, हे त्याला उमगत नाही. ती समज साधारणपणे दीड ते दोन वर्षांच्या सुमारास येते. मग तोपर्यंत बाळ स्वतःला पाहतं तरी कुठे?

डोनाल्ड विनिकॉट हे लंडनमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. बाळाचा पहिला आरसा म्हणजे आईचा चेहरा, असं त्यांनी १९६७ मध्ये मांडलं. बाळ हसलं की आईचे डोळे हसतात, ते कळवळलं की तिचा चेहरा कावराबावरा होतो. त्यातून बाळाला स्वतःविषयीच काही कळत असतं. मी आहे, मी कुणाला तरी दिसतो, माझ्या हाकेला ओ मिळते. 'मी'पणाचं बीज रुजतं ते असं.

ही ओ मिळालीच नाही तर? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आईने आधी बाळाशी नेहमीसारखं खेळायचं आणि मग काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायचा. बाळ गोंधळतं. हसून पाहतं, हातपाय हलवतं, तिला पुन्हा खेळात ओढू पाहतं. काहीच उपयोग होत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं.

हे सांगितलं की आया माझ्याकडे काळजीने पाहतात. ''मी सकाळी कामाला जाते, बाळ आजीजवळ असतं. घरी असले तरी पोळ्या टाकून लगेच धावता येत नाही. त्याचं नुकसान तर होत नाही ना?''

मुळीच नाही. सुदृढ नात्यातही आई आणि बाळ यांचा सूर बराच वेळ जुळलेला नसतो, हे ट्रॉनिक यांनाच पुढे दिसून आलं. तो चुकतो आणि पुन्हा जुळतो. बिघडलेलं सावरता येतं, हा विश्वास बाळाला त्यातूनच मिळतो. शिवाय हा आरसा एकट्या आईचाच असतो असंही नाही. बाळ वडील, आजी-आजोबा यांच्याशीही घट्ट नातं जोडतं. १९४० च्या दशकात विनिकॉट बीबीसी रेडिओवरून आयांशी बोलत. आई 'पुरेशी चांगली' असली की झालं, ती परिपूर्ण असायची गरज नाही, असं त्यांचं मत होतं.

खरी काळजी करायची ती वेगळ्याच ठिकाणी. बाळंतपणानंतर काही स्त्रियांना नैराश्य येतं. दिवसेंदिवस चेहरा कोमेजलेला राहतो, बाळाकडे पाहावंसंही वाटत नाही. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. अशा वेळी ''कशी ही आई!'' असं म्हणू नका. तिला डॉक्टरांकडे न्या, रात्री बाळाला तुम्ही घ्या, तिला झोपू द्या. बाळाला सांभाळायचं तर आधी त्याच्या आईला सांभाळायला हवं.