फ्रिजवरची चिठ्ठी आणि बीडचा आवाज

आजचा भाग गावाकडून, युसूफ वडगावातून रेकॉर्ड केलाय, तोही माळवदावर बसून, कारण खाली नेटवर्क येत नाही. ऐकणाऱ्यांना मधेमधे शेळी ऐकू आली असेल. वाचणाऱ्यांसाठी ती काढून टाकलीय.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो: रूममेट चांगला होता, अचानक बोलेनासा झाला, आता काय करू? सल्ला देण्याआधी माझी गोष्ट सांगतो, कारण यात मी शहाणा नव्हतो.

2019 साली मी पुण्यात हिंजवडीला नोकरीला लागलो. टू बीएचके, चार पोरं. त्यातला एक डोंबिवलीचा. आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यानं फ्रिजवर चिठ्ठी लावली: ‘कृपया दूध संपल्यास नवीन पिशवी आणून ठेवावी.’ दूध मीच संपवलं होतं. मी हॉलमधूनच म्हणलं, “अरे, नोटीस काय लावायलास? तोंड नाही का तुला?”

आता बघा, माझ्या हिशेबानं मी साधं विचारलं होतं. आमच्याकडं एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारायची, तर आवाज मोठाच लागतो. ‘काय करायलास’, ‘कुठं चाललास’ हे आम्ही मायेनंच बोलतो, पण नवख्या माणसाला वाटतं आता हा मारतो का काय. तो काहीच बोलला नाही. नंतर त्याचं बोलणं कमी झालं आणि चिठ्ठ्या वाढल्या. गिझर बंद करावा. चपला बाहेर ठेवाव्यात. मी प्रत्येक चिठ्ठी फाडायचो. तो हेडफोन लावून एकटा जेवायला लागला. मी उरलेल्या दोघांना सांगून टाकलं, हा माजलाय.

जानेवारी 2020 मध्ये फ्रिजवर परत एक चिठ्ठी दिसली. अक्षर बघितलं आणि न वाचताच फाडली. पाच तारीख आली, त्याचं भाडं आलं नाही, तोही दिसेना. एका रूममेटची नाइट शिफ्ट, दुसरा क्लायंटकडं मुंबईला गेलेला. मी ग्रुपवर लिहिलं, ‘भाडं बुडवायचं असंल तर सरळ सांग.’ पाच मिनिटांत पैसे आले. एक शब्द नाही. आठवड्यानं तो आला, सामान भरलं आणि गेला. मग नाइट शिफ्टवाल्यानं मला विचारलं, “त्याच्या वडलांचं ऑपरेशन होतं ना, चिठ्ठी वाचली नव्हतीस का?” माझा मेसेज त्यानं दवाखान्याच्या पॅसेजमध्ये बसून वाचला होता.

25 मार्चला, पाडव्याच्या दिवशी, लॉकडाऊन लागलं. मी गावाकडंच अडकलो. बसून बसून डोकं ठिकाणावर आलं आणि एप्रिलमध्ये त्याला फोन केला. माफी मागितली, तर म्हणाला ठीक आहे. मग मी विचारलं, एवढ्या चिठ्ठ्या कशाला रे? तर तो जे बोलला ते माझ्या डोक्यात कधी आलंच नसतं. त्याचे आई-वडील दोघंही लोकलनं कामाला जायचे, वेगवेगळ्या वेळेला. घर चालायचं ते फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर. ‘डाळ गरम करून घे’, ‘परीक्षा नीट दे’, सगळं चिठ्ठीत. आणि भिंतीला भिंत लागून शेजारी, त्यामुळं घरात आवाज चढवणं म्हणजे सगळ्यात मोठी लाज. आमच्या घरात उलटं. आमच्याकडं कागद आला म्हणजे बँकेचा, कोर्टाचा, नाहीतर वीज तोडायचा. त्यानं चिठ्ठी लावली ती अदबीनं, मी वाचली नोटीस म्हणून. मी ओरडलो ते आपलेपणानं, त्यानं ऐकला अपमान.

माझ्या कामाच्या भाषेत सांगतो, इंजिनिअर नसाल तरी कळंल. कॉम्प्युटर एकमेकांना माहिती पाठवतात त्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. यूडीपीमध्ये पाठवणारा पाठवून मोकळा होतो, पोचलं का नाही हे बघत नाही. टीसीपीमध्ये समोरून ‘मिळालं’ अशी पोच यावी लागते, नाही आली तर परत पाठवलं जातं. रूममेट लोक टोमणे, चिठ्ठ्या, स्टेटस, भांडी आपटणं, सगळं यूडीपीवर पाठवतात आणि पोच आली असं धरून चालतात. अर्थात टीसीपीची पोचसुद्धा ‘मिळालं’ एवढंच सांगते, ‘समजलं’ असं सांगत नाही. ते माणसालाच विचारावं लागतं.

मग आधीचे लोक कसे राहिले? चार जण दोन खोल्यांत राहणं काही आपण शोधलेलं नाही. मुंबईच्या गिरणगावात, लालबाग-परळला, कोकणातले आणि घाटावरचे गिरणी कामगार एकेका खोलीत दहा-वीस जण राहायचे. दिवसपाळीवाला उठला की त्याच जागेवर रातपाळीवाला आडवा. जेवण खानावळीत. ह्याच खानावळी चालवणाऱ्या बायकांना घेऊन प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गोव्याच्या लोकांचे कूड होते, काही आजही आहेत. धोबी तलावच्या जेर महालमध्ये वेगवेगळ्या गावांचे कूड आहेत. बोटीवर जाणारा खलाशी तिथं उतरायचा, भिंतीकडंला त्याची ट्रंक, रात्री जमिनीवर अंथरूण. नियम ठरलेले, वर्गणी ठरलेली, संध्याकाळच्या रोझरीला सगळ्यांनी बसायचं.

गावाच्या खोलीत गावातलं वडीलधारं माणूस असायचं, कुडात कारभारी असायचे. दसऱ्यानंतर आमच्या जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीला जातात, फडावर कोपीला लागून कोपी असते, तिथंही टोळीचा मुकादम असतो. मुकादम न्यायच करतो असं मी म्हणत नाही, त्याचा उचलीचा हिशेब वेगळाच. पण दोघांत बिनसलं तर ‘काय झालं रे?’ असं विचारायला तिसरा कोणीतरी असतो. आणि कूडवाल्यांची रोझरी मला फार हुशारीची वाटते. देवाचं सोडा, रोज अर्धा तास सगळी तोंडं समोरासमोर. हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये हा तिसरा माणूसच नाही. मालकाला पाच तारखेला भाडं पाहिजे, ब्रोकरला त्याचं कमिशन. विचारायचं काम कोणाचंच नाही, म्हणून गैरसमज सहा-सहा महिने सडत पडतो.

नंतरच्या फ्लॅटमध्ये आम्ही हे काम वाटून घेतलं. पहिल्याच रात्री चौघं बसलो आणि प्रत्येकानं सांगितलं: माझ्या घरी राग आला की काय करतात. एक म्हणला, आमच्याकडं जेवण सोडतात. एक म्हणला, हसण्यावारी नेतात. मी म्हणलं, माझा आवाज मोठाय, मी चिडलो असं समजू नका, चिडलो तर मी गप बसतो. रविवारी सकाळचा चहा एकत्र, आणि दर महिन्याला एकाची पाळी. कोणाचं तोंड वाकडं दिसलं, तर बाजूला घेऊन विचारणं हे त्याचं काम. पैशाचा हिशेब ॲपवर. तक्रार मात्र ग्रुपवर कधीच नाही, कारण चार जणांसमोर माणूस ऐकत नाही, उत्तर शोधतो.

आणि विचारायचं कसं, तर आधी जे दिसलं ते सांगायचं, मग प्रश्न. ‘तू मला टाळतोस’ हा आपला निकाल झाला. ‘तीन दिवस झाले तू खोलीत जेवतोस, माझं काही चुकलं का?’ ह्यावर समोरचा खरं बोलू शकतो. कदाचित त्याला फक्त आयपीएल बघायची असंल.

एक मात्र सांगतो. सगळंच गैरसमजात ढकलू नका. आडनाव विचारून ताट वेगळं ठेवणारा रूममेट मला भेटलाय. त्याला चहा पाजून समजून घ्यायची गरज नव्हती. आम्ही त्याला दुसरी खोली बघायला सांगितलं. दर महिन्याला पैसे बुडवणाऱ्याचंही तेच.

डोंबिवलीच्या त्या मित्राशी आता सणासुदीला मेसेज असतो. माझ्या लग्नाची पत्रिका पाठवली होती, तो आला नाही, फोनवरून आहेर आला. हा भाग टाकायच्या आधी त्याला ऐकवला, चालेल का विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: ‘नाव घेऊ नको. आणि दूध नव्हतं, दही होतं.’